चौकोनातलं पंचांग, झाकणावरचा पत्ता

गिरगावातल्या चाळीत स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक खिळा असतो. त्यावर वर्षानुवर्षं एकच वस्तू टांगलेली दिसते, फक्त तिचं साल बदलतं. पानाच्या कडा फोडणीच्या धुरानं पिवळसर झालेल्या असतात. अकरा तारखेच्या चौकोनात निळ्या शाईत ‘दूध नाही’, सतराच्या चौकोनात ‘सिलिंडर लावला’, तेवीसला बाईंचा खाडा. त्याच चौकोनांत छापील मजकुरात तिथी, नक्षत्र आणि सण असतात. संकष्टीच्या संध्याकाळी घरातली आजी चष्मा कपाळावरून खाली ओढते, बोट त्या चौकोनावर टेकवते आणि चंद्रोदयाची वेळ वाचते. मोदक कधी उकडायला ठेवायचे हे त्या आकड्यावरून ठरतं. हे सगळं दहा सेकंदांत होतं.

त्या दहा सेकंदांच्या मागे किती ज्ञान उभं आहे हे पाहिलं, तर माणूस थक्क होतो.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचा बारा अंशांचा एक टप्पा. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे एखादी तिथी वीस तासांत संपते, एखादी सव्वीस तासही चालते. म्हणून कधी एका दिवसात दोन तिथ्या संपतात, तर कधी एकच तिथी दोन सूर्योदय पाहते. नक्षत्रं सत्तावीस, योग सत्तावीस, करणं अकरा. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५चं. हा फरक भरून काढायला दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास येतो. शिवाय महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेत पौर्णिमेला, त्यामुळे एकाच कृष्ण पक्षाला दोन प्रांतांत दोन महिन्यांची नावं मिळतात. हे झालं केवळ गणित. त्यावर धर्मशास्त्राचा दुसरा मजला आहे. गणेश चतुर्थीला मध्यान्हाची चतुर्थी घ्यायची, संकष्टीला चंद्रोदयाची, महाशिवरात्रीला मध्यरात्रीची चतुर्दशी. एकादशी स्मार्तांची एक दिवस, तर भागवतांची कधी कधी दुसऱ्या दिवशी. या निर्णयांवर शतकानुशतकं ग्रंथ लिहिले गेले. मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी काशीत १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ रचला. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९०च्या सुमाराचा. गिरगावातच राहून पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा जो पाच खंडांचा इतिहास लिहिला, त्याच्या पाचव्या खंडाचा १९५८ साली निघालेला पहिला भाग व्रतं, उत्सव आणि काल यांना वाहिलेला आहे. ग्रंथांची नावंच सांगतात की हा समुद्र आहे.

इतकं गुंतागुंतीचं ज्ञान सामान्य माणसाच्या हाती द्यायचं, तर ते नजरेला पेलेल अशा रूपात कसं मांडायचं? हा प्रश्न आज जगभरच्या आरेखनकारांना आणि संगणकतज्ज्ञांना पडलेला आहे. ज्ञानाचे नकाशे, संकल्पनाचित्रं, विषयवृक्ष, जाळी अशी अनेक साधनं त्यासाठी तयार होत आहेत. मुंबईच्या मध्य आणि दक्षिण भागाला मात्र या प्रश्नाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे आणि तो गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या भिंतींवर, कपाटांत आणि फलाटांवर विखुरलेला आहे.

सुरुवात छापखान्यांनी केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. तोवर पंचांग जोशीबुवांच्या हातात होतं आणि लोकांच्या फक्त कानावर पडत असे. जोशीबुवा घरोघर जाऊन तिथी-वार सांगत, लोक ऐकत. छापील पंचांगामुळे ते घरात आलं, पण वाचणं तरीही शिकलेल्यांचंच काम राहिलं. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या देवनागरी खिळ्यांची सुबकता पुढे देशभर नावाजली गेली, आणि बारीक टायपात दाट मजकूर स्वच्छ छापता येणं ही पंचांगासाठी मोठीच सोय होती. तरी पंचांगाचं पान म्हणजे आकड्यांच्या रांगा. घटी-पळांची भाषा, संक्षेपाक्षरं आणि डोक्यावर स्तंभांची नावं. ज्याला गणित कळतं त्याला त्यात सगळं सापडतं. ज्याला उद्या उपवास आहे का एवढंच विचारायचं असतं, त्याची मात्र अडचण होते.

याच काळात पंचांगाच्या आतल्या मजकुरावरही जोरदार वाद झडत होते, हे नोंदवायला हवं. जुनी पंचांगं गणेश दैवज्ञांच्या सोळाव्या शतकातल्या ‘ग्रहलाघवा’वर चालत. आकाशात दिसणारं ग्रहण आणि पंचांगात लिहिलेलं ग्रहण यांत अंतर पडू लागलं, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५च्या सुमारास नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग सुरू केलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून या विद्येचा सगळा इतिहास एका जागी आणला. टिळकांच्या मताचं पंचांग पाळणारी घरं कोकणात आजही आहेत आणि त्यांचे सण कधी कधी इतरांपेक्षा महिन्याच्या अंतरानं येतात. म्हणजे ज्ञान जसं मोठं होतं, तसं त्यात एकमतही नव्हतं.

या पार्श्वभूमीवर १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं. मालवणहून मुंबईत आलेला हा माणूस त्याआधी शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवत होता. ही गोष्ट या लेखाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. शब्दकोडं करणाऱ्याला चौकोनाचं मोल ठाऊक असतं. एका घरात किती मावतं, उभ्या-आडव्या ओळी नजरेला कशा नेतात, वाचक कुठे अडतो, हे त्याला रोज पाहायला मिळतं.

‘कालनिर्णय’च्या पानाकडे जरा जवळून पाहावं. डावीकडे वार वरून खाली लिहिलेले. तारखा वरून खाली उतरतात आणि पुढच्या उभ्या ओळीत पुन्हा वरूनच सुरू होतात. त्यामुळे एखादा वार शोधायचा तर एकाच आडव्या रांगेत नजर फिरवली की झालं. महिन्यातले सगळे गुरुवार ओळीनं सापडतात, आणि गुरुवार पाळणाऱ्या घराला तेच हवं असतं. चौकोनात तारखेचा आकडा सर्वांत ठसठशीत, कारण तो पन्नास पावलांवरून दिसायला हवा. सुट्टी लाल. त्याखाली बारीक अक्षरात तिथी आणि नक्षत्र. ते जवळ आलेल्यासाठी. हिंदूंच्या सणांबरोबर मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, जैन यांचे सण त्याच चौकोनांत एकत्र. गिरगाव-ग्रँट रोडच्या वस्तीत शेजाऱ्याची सुट्टी कोणती हे जाणून घेणं रोजच्या व्यवहाराचा भाग असतो. आणि पान उलटलं की मागे लेख, पाककृती, भविष्य. भिंतीवरच्या कागदाची मागची बाजू तोवर कोणी वापरली नव्हती असं नाही, पण ती महिनाभर वाचायची जागा आहे हे या दिनदर्शिकेनं घरोघर रुजवलं.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली माहितीच्या दृश्य मांडणीसाठी एक सूत्र सांगितलं, ते आज जगभर शिकवलं जातं. आधी एकंदर दृश्य दाखवा, मग जवळ जाऊ द्या आणि नको ते गाळू द्या, तपशील मागेल तेव्हा द्या. महिन्याचं पान, लाल आकडे, बारीक अक्षरातली तिथी, मागची बाजू: भिंतीवरचा कागद हेच सूत्र तेवीस वर्षं आधीपासून पाळत होता. दोघांचा काही संबंध नाही. प्रश्न एकच असला की चांगली उत्तरं एकमेकांसारखी दिसू लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट या कागदानं केली आणि ती पडद्यावरच्या साधनांना अजून नीट जमलेली नाही. त्यानं लिहायला जागा दिली. दुधाचा खाडा, गॅसची तारीख, पोराच्या परीक्षा, भिशीचा हप्ता हे सगळं पंचांगाच्याच चौकोनात येऊन बसलं. छापील ज्ञान आणि घरचं ज्ञान एका चौकटीत आल्यामुळे ते पान त्या घराचं झालं. ज्ञान दाखवणाऱ्या साधनाची कसोटी लावायची तर ही लावावी: लोक त्यावर पेन टेकवतात का?

अर्थात काहीतरी सुटतंच. चंद्रोदयाची मुंबईची वेळ नागपूरकराच्या कामाची नाही. तिथे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. तिथी का बदलली, कोणत्या मतानं बदलली, याची चर्चा चौकोनात मावत नाही. ‘निर्णयसिंधु’ची पानंच्या पानं ‘उपवास’ या एका शब्दात मिटली आहेत. सोय झाली, पण वाद घालण्याची सवय मोडली, असं म्हणणाऱ्या जाणकारांचं ऐकायला हवं. त्यांचं म्हणणं खरं आहे. तरीही ज्या घरात पंचांग कधीच वाचलं गेलं नसतं, त्या घरात तिथी पोचली, हे त्याहून मोठं खरं आहे.

‘कालनिर्णय’चं कार्यालय दादर पूर्वेला ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्ग. एकाच रस्त्यावर काळाची वाट दाखवणारा कागद आणि पुस्तकांची वाट दाखवणारी संस्था. १८९८ साली स्थापन झालेलं हे ग्रंथसंग्रहालय म्हणजे मराठी वाचकांच्या पिढ्यांचं दुसरं घर. ठाकूरद्वारच्या शाखेतून पुस्तक बदलून आणणं हा गिरगावकरांचा संध्याकाळचा कार्यक्रम असे.

ग्रंथालयातलं दृश्य साधन म्हणजे तालिकेचं कपाट. लहान लहान खणांचं, प्रत्येक खणात पाच इंच बाय तीन इंचांची कार्डं, खालच्या भोकातून ओवलेली धातूची सळई. एकाच पुस्तकाची निदान तीन कार्डं: लेखकाचं, नावाचं, विषयाचं. वाचक कोणत्याही दारानं आत आला तरी त्याच फडताळापाशी पोचावा, ही त्यामागची कल्पना. कागदावरचं हे जाळंच होतं, फक्त त्याच्या रेषा दिसत नव्हत्या. बोटांनी कार्डं उलटत त्या शोधाव्या लागत.

मराठीत हे काम वाटतं तितकं सोपं नाही. विष्णु वामन शिरवाडकर कवी म्हणून कुसुमाग्रज आणि नाटककार म्हणून शिरवाडकर. दोन खणांत दोन माणसं व्हायची, तर मध्ये ‘पाहा’ असं सांगणारं कार्ड ठेवावं लागतं. देशपांडे नावाच्या दाट जंगलातून पु.लं.ना शोधणारा वाचक आडनावावरून शोधत नाही, तो ‘पु’वर जातो. ‘क्ष’ कुठे शोधायचा? काही कोशांत तो ‘क’च्या पोटात असतो, काहींत ‘ह’नंतर वर्णमालेच्या शेवटी. शाळेत ‘ळ’ शेवटाकडे शिकवला जातो, पण संगणकाच्या युनिकोड तक्त्यात तो ‘ल’च्या लगेच नंतर बसलेला आहे. वर्णक्रम संकेतांकांवर सोडून बांधलेल्या याद्यांत मराठी माणूस लहानपणी पाठ केलेल्या क्रमानं चालला तर चुकतो. अशा ठिकाणी दोष वाचकाकडे जाता कामा नये.

वर्गीकरणाचे आकडे तर पूर्ण परके. मेल्व्हिल ड्युईच्या दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२०, फ्रेंचला ८४० असे पूर्ण आकडे मिळाले. मराठी साहित्य ८९१.४६वर, दशांशचिन्हाच्या पलीकडे. ज्या समाजाची पुस्तकं मांडायची तोच समाज झाडाच्या शेवटच्या फांदीवर. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, त्यामागे एक वेगळीच दृष्टी होती. विषय म्हणजे एकाच खोडाच्या फांद्या न मानता त्यांनी ते सुट्या तुकड्यांसारखे पाहिले, लहान मुलांच्या जोडणीच्या खेळासारखे. लंडनच्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून ही कल्पना सुचल्याची त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. आज संगणकावर वस्तू शोधताना आपण रंग, किंमत, आकार असे वेगवेगळे निकष लावतो, त्या पैलूंच्या पद्धतीचं मूळ इथे सापडतं.

कोशकारांनीही हाच पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या तेवीस खंडांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’ची खरी कल्पकता पहिल्या पाच खंडांत आहे. अकारविल्हे नोंदी सुरू करण्याआधी त्यांनी ‘हिंदुस्थान आणि जग’पासून ‘विज्ञानेतिहासा’पर्यंत पाच प्रस्तावना खंड दिले. शब्द शोधण्याआधी वाचकाला भूगोल दाखवला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईत सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि वीस खंडांचं काम २०१५पर्यंत चाललं. विश्वकोश मंडळाचं मुंबईतलं कार्यालय प्रभादेवीला, रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत. अलीकडे विषयवार ज्ञानमंडळं नेमून हा कोश संगणकावर अद्ययावत होतो आहे, ही फार चांगली गोष्ट. पण पडद्यावर नोंद उघडली की वाचक एकटा पडतो. शेजारची नोंद कोणती, वरचा विषय कोणता, इथून कुठे जावं, हे दाखवणारं चित्र हवं. मजकूर आहे, दुवे आहेत. नकाशा तेवढा काढायचा राहिला आहे. केतकरांनी कागदावर केलेलं काम पडद्यावर करण्याइतकं सामर्थ्य आज मराठीत नक्की आहे.

योगायोग असा की केतकरांनी १९११ साली ज्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तिथेच १९७२ साली जोसेफ नोवाक यांनी संकल्पनाचित्राची पद्धत घडवली. लहान मुलांना विज्ञान कसं कळतं याच्या मुलाखतींचे ढीग जमले, ते समजून घेण्यासाठी त्यांनी चौकटीत कल्पना आणि रेषेवर संबंध लिहायला सुरुवात केली. रेषेवर शब्द लिहिणं हा त्यातला जीव आहे. ‘पान’ आणि ‘अन्न’ यांच्यामध्ये नुसती रेघ ओढली तर काहीच कळत नाही. रेघेवर ‘तयार करतं’ लिहिलं की कळतं. मुंबईत हा धागा होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं उचलला. १९७४ साली सुरू झालेलं हे केंद्र मानखुर्दला जाण्याआधी नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत होतं, गिरगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे तिथल्या जी. नागार्जुन आणि मीना खरटमल यांनी दाखवलं की रेषेवरचे शब्द मोजके आणि काटेकोर ठेवले, तर मुलांच्या समजुतीतला कच्चेपणा चित्रात लगेच उघडा पडतो. मराठी शाळांच्या फळ्यावर ‘तक्ता पूर्ण करा’ म्हणून जी चित्रं काढली जातात, त्यांत बहुधा बाण असतात आणि शब्द नसतात. शिक्षकांनी एवढा एक बदल केला तरी खूप साधेल.

चित्र नसल्याची किंमत लालबाग-परळनं मोजली आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि अठ्ठावन्न गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम लोकांच्या मनात एका सोप्या चित्रासारखा बसला: जमिनीचे तीन तुकडे, एक महापालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानं या जमिनींचा एकत्रित विचार करणारा अहवाल दिला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होऊ लागली. ज्या जमिनीवर गिरणीचं बांधकाम उभं होतं, ती हिशेबातून बाहेर गेली. काही शब्दांचा फरक. कागदावर वाचला तर वकिलालाच कळावा असा. तोच फरक दोन चौकोन शेजारी-शेजारी काढून दाखवला असता, एका चौकोनात अख्खी गिरणी आणि दुसऱ्यात फक्त तिचं अंगण, तर नाक्यावरच्या माणसाला एका नजरेत कळला असता. प्रकरण न्यायालयात गेलं, २००५ साली उच्च न्यायालयात लोकांच्या बाजूनं निकाल लागला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. आज तिथे टॉवर उभे आहेत. ज्यांचं आयुष्य एखाद्या नियमावर अवलंबून असतं, त्यांना त्या नियमाचं चित्र मिळणं हा हक्क मानला जायला हवा. घराच्या अर्जासाठी जुना तिकीट नंबर आणि हजेरीचे पुरावे शोधत फिरलेल्या गिरणी कामगारांच्या घरच्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

चित्र काढलं तरी त्यात कोणाला जागा मिळते हेही पाहावं लागतं. गिरगाव-दादरच्या अनेक घराण्यांनी छापलेल्या कुलवृत्तांतांत वंशवृक्षाचे घडीचे तक्ते असतात. पिढ्यान्‌पिढ्यांची शेकडो माणसं एका कागदावर आणणं हे मोठंच कौशल्य. पण जुन्या तक्त्यांत फांदी मुलांच्या पुढे वाढते आणि मुलगी सासरच्या नावासह तिथेच थांबते. नव्या आवृत्त्या काढणाऱ्या मंडळांनी या फांद्या पुढे न्यायला हव्यात.

याउलट ज्यांच्याकडे पुस्तकी शिक्षण फारसं नव्हतं, त्यांनी स्वतःसाठी केलेली साधनं अचूक निघाली. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबे पोचवण्याच्या कामात आधी रंगीत दोरे आणि खुणा होत्या, मग झाकणावर रंगानं अक्षरं-आकडे आले. अभ्यासकांनी अनेकदा दिलेला एक नमुना घ्यावा. मध्यभागी मोठा ३: उतरायचं ठिकाण. कडेला व्हीएलपी: डबा निघाला विलेपार्ल्याहून. ई: तिकडे तो घरून आणणारा माणूस. आणि ९ ईएक्स १२: नऊ क्रमांकाचा डबेवाला, एक्सप्रेस टॉवर्स, बारावा मजला. झाकणावर ना नाव, ना रस्ता, ना कंपनी. कारण त्या साखळीत कोणालाच पूर्ण पत्ता लागत नाही. गाडीत डबे लावणारा फक्त मधला आकडा पाहतो. फलाटावर वाटणी करणारा ‘९ ईएक्स १२’मधला पहिला आकडा पाहतो. मजला पाहतो तो एकच माणूस, जो जिना चढणार आहे. प्रत्येकाला त्याच्या क्षणापुरतं ज्ञान, ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकारात.

हीच रचना देशभराच्या टपालाला देणारा माणूसही मराठी. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. मुंबईत त्यांनी लोकांच्या सवयीचा मान राखला. ‘मुंबई ४’ लिहिणाऱ्या गिरगावकराचा पिन ४००००४ झाला, ‘मुंबई १२’वाल्या परळकराचा ४०००१२, ‘मुंबई २८’ दादरचा ४०००२८. जुना आकडा नव्याच्या शेपटीला तसाच राहिला, म्हणून पाठ करायला काहीच उरलं नाही.

रेल्वेनं मात्र प्रवाशाला बरंच पाठ करायला लावलं. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर ‘के’ म्हणजे कल्याण, ‘टी’ म्हणजे ठाणे हे ओळखता येतं. पण ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत, हे नवख्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणं शक्य नाही. कल्याणच्या पुढे एक फाटा ईशान्येला आणि एक आग्नेयेला जातो, त्या दिशांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरं. रेल्वेच्या दृष्टीनं अगदी तर्कशुद्ध, प्रवाशाच्या दृष्टीनं कोडं. त्यात ‘एस’ हेच अक्षर शेजारच्या रकान्यात धीम्या गाडीसाठीही येतं. ज्ञान बाळगणाऱ्याच्या सोयीनं खूण ठरली की असं होतं.

लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेकनं काढलेला नकाशा १९३३ साली छापला गेला, तेव्हा त्यानं जमिनीवरचं अंतर बाजूला ठेवून फक्त मार्ग आणि बदलाची स्थानकं दाखवली. आत बसलेल्या माणसाला एवढंच हवं असतं. मुंबईच्या लोकलला असा नीटस, एकत्रित नकाशा मिळायला फार उशीर झाला. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्राचे प्रा. मंदार राणे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो काढला, आणि पश्चिम, मध्य, हार्बर हे मार्ग कुठे कुठे एकमेकांना भेटतात ते एका नजरेत दिसू लागलं. २०२५ साली मेट्रो गिरगाव, काळबादेवीच्या पोटातून धावू लागल्यावर गरज आणखी वाढली आहे. लोकलच्या खिडकीतून माणूस चाळ, पूल, देऊळ ओळखून कुठे आलो ते ठरवतो. जमिनीखाली त्याच्याजवळ फक्त पाटी असते, आणि चुकीच्या दारानं वर आला तर ओळखीचा रस्ताही परका वाटतो.

दादरची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे, दोघींचे फलाट एकपासून सुरू होणारे. मधल्या पुलावर उभ्या असलेल्या माणसासाठी ‘तीन नंबर’ दोन होते. कागदावर त्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतील, पायाखालचा पूल एकच होता. ९ डिसेंबर २०२३ला आकडे बदलले: पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. पाट्या रंगवल्या, उद्‌घोषणा बदलल्या, ॲपमधले आकडे बदलले. दोन रेल्वेंच्या कारभाराची रचना तशीच राहिली. चालणाऱ्यासाठी मात्र एक सलग स्थानक तयार झालं.

सकाळच्या गर्दीत फुलबाजारातून टोपली घेऊन पुलावर चढलेली बाई अजूनही विचारते, ‘सेंट्रलचा एक नंबर कुठे गेला हो?’ शेजारचा कोणी चालता चालताच हात करतो आणि सांगतो, ‘मावशी, तो आता आठ. सरळ जा, डावीकडे जिना.’